उंच डोंगरावर दुखणं अंगावर काढू नये

(आमच्या सामुदायिक रेडिओ केंद्रावरून महिला गटांसाठी झालेलं भाषण)



चालणं आपल्याला नवं नाही. पाण्याला, सरपणाला, रानात, बाजाराला आपण चालतोच. आळंदीहून पंढरपूरला जाणारी अडीचशे किलोमीटरच्या आसपासची वाट दरवर्षी कितीतरी जणी डोक्यावर तुळस घेऊन चालतात. तेव्हा लांब चालणं म्हणजे काय, पायाला फोड येणं म्हणजे काय, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको.

आज आम्ही बोलणार आहोत ते चालणं लांब तर आहेच, पण उंचही आहे. दिवसेंदिवस, आठवडेच्या आठवडे पायी चालायचं आणि त्या वाटेवरच्या बर्फाच्या खिंडी, शिखरं चढून उतरायची. हे हौशी लोकांचं काम, आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. पण आपल्या गावांतून केदारनाथला, अमरनाथला, मुक्तिनाथला बस भरभरून जातात. तिथे गेलेल्या बाईला डोंगर विचारत नाही की तू यात्रेला आलीस की गिर्यारोहणाला. उंचीचा नियम दोघींना सारखाच लागतो. तो नियम काय आहे, हे शिखरं चढणाऱ्यांकडून समजून घेऊ.

पन्नाशी ओलांडलेल्या बारा जणी

१२ मार्च २०२२ रोजी अरुणाचल प्रदेशातल्या पांगसाऊ खिंडीपासून, म्हणजे भारत आणि म्यानमारच्या सीमेवरून, बारा बायकांची एक तुकडी पश्चिमेकडे चालायला निघाली. प्रत्येकीचं वय पन्नासच्या पुढे. तुकडीच्या प्रमुख होत्या बचेंद्री पाल, वय ६७. याच बचेंद्री पाल २३ मे १९८४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचल्या होत्या. एव्हरेस्ट चढलेली ती पहिली भारतीय स्त्री. तुकडीत आपल्या नागपूरच्या बिमला नेगी-देऊसकरही होत्या. अरुणाचल, आसाम, उत्तर बंगाल, सिक्कीम, नेपाळ, उत्तराखंड, हिमाचल आणि लडाख असं करत ही वाट जुलैअखेर कारगिल भागात संपली. जवळपास साडेचार महिने चालणं आणि वाटेत तीसहून अधिक डोंगरखिंडी.

बचेंद्री पाल यांनी अशी वाट आधीही चालली होती. १९९७ मध्ये आठ जणींना घेऊन त्या अरुणाचलपासून सियाचीनपर्यंत गेल्या होत्या. २२५ दिवस, सुमारे ४,५०० किलोमीटर.

आता खिंड म्हणजे शिखर नव्हे, हे खरं. दोन शिखरांच्या मधली त्यातल्या त्यात खालची जागा म्हणजे खिंड. पण हिमालयातली ही ‘खालची जागा’ केवढी उंच असते ते बघा. आपल्या महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसुबाई, उंची १,६४६ मीटर. या तुकडीने ओलांडलेली लमखागा खिंड ५,२८२ मीटर उंच आहे, म्हणजे सतरा हजार फुटांच्या वर. तीन कळसुबाया एकीवर एक रचल्या तरी ही खिंड त्यांच्याही वर उरते.

साठीच्या बाया तिथे जाऊन आल्या, हे ऐकून बरं वाटतं. पण त्या गेल्या कशा? त्यांची छाती काही लोखंडाची नव्हती. या बायका वर्षानुवर्षं डोंगरात वावरलेल्या होत्या आणि उंचीवर शरीर कसं वागतं ते त्यांना माहीत होतं. तीच माहिती आपल्यालाही हवी.

वर गेल्यावर शरीरात काय होतं

कापसाचा मोठा ढीग डोळ्यांसमोर आणा. तळाचा कापूस वरच्या ओझ्याने दाबून घट्ट झालेला असतो, वरचा कापूस मोकळा, भुसभुशीत असतो. हवेचंही असंच आहे. समुद्राजवळची हवा वरच्या हवेच्या भाराने दाट असते. जसजसं वर जावं तसतशी ती विरळ होते. हवेतला प्राणवायूचा हिस्सा सगळीकडे तेवढाच, शंभरात एकवीस. पण हवाच पातळ झाली की प्रत्येक श्वासात येणारा प्राणवायू कमी होतो. केदारनाथच्या उंचीवर तो समुद्रकाठच्या जवळपास दोन तृतीयांश असतो. साडेपाच हजार मीटरवर निम्माच.

याचा एक पुरावा स्वयंपाकघरातच मिळतो. हवेचा दाब कमी असला की पाणी लवकर उकळतं, पण पुरेसं गरम न होताच उकळतं. आपल्याकडे पाणी शंभर अंशाच्या आसपास उकळतं, तर पाच हजार मीटरवर ८३-८४ अंशांनाच त्याला उकळी फुटते. मग उघड्या भांड्यात डाळ तासभर खदखदली तरी दाण्यात कणी राहते. म्हणून उंचावरच्या मोहिमांमध्ये प्रेशर कुकर लागतोच.

प्राणवायू कमी पडला की शरीर आपणहून उपाय करायला लागतं. श्वास भराभर चालतो. नाडी वाढते. लघवी जास्त होते. पुढे काही दिवसांत, आठवड्यांत रक्तातल्या तांबड्या पेशी वाढतात, कारण प्राणवायू वाहून नेण्याचं काम त्या करतात. ही सगळी तयारी व्हायला वेळ लागतो. वाफ्यातलं रोप उपटून रानात लावलं की दोन-चार दिवस ते मान टाकतं, मग मूळ धरतं आणि उभं राहतं. आपलं शरीरही नव्या उंचीवर असंच मूळ धरतं. याला ‘उंचीशी जुळवून घेणं’ म्हणतात. रोप लावल्या दिवशीच उपटून आणखी वरच्या रानात लावलं, तर ते मरतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आम्ही कष्टकरी, आम्हाला काय होतंय, असं आपण म्हणतो. कष्टाची सवय असली की पाय लवकर दमत नाहीत, हे खरं. पण उंचीच्या आजाराला ती सवय अडवत नाही. धट्टेकट्टे तरुणही या आजाराने पडतात, आणि पुष्कळदा तेच पडतात, कारण ताकद आहे म्हणून ते भराभर वर जातात. आधी एकदा गेले होते, तेव्हा काही झालं नाही, यावरही विसंबता येत नाही. कुणाला कधी त्रास होईल हे आधी सांगता येत नाही.

मुक्काम वाढवत वर जायचं

मग शरीराला वेळ द्यायचा म्हणजे काय करायचं? यासाठी नेपाळमधली एक नेहमीची वाट पाहू. एव्हरेस्टच्या पायथ्याला जाणाऱ्या या वाटेवर दरवर्षी हजारो लोक चालतात. बहुतेक जण लहान विमानाने लुकला या गावी उतरतात. उंची सुमारे २,८५० मीटर. तिथून दोन दिवसांत नामचे बाजार, सुमारे ३,४४० मीटर. इथे जाणते लोक एक मुक्काम वाढवतात. पण त्या दिवशी ते अंथरुणात पडून राहत नाहीत. वरच्या टेकाडावर साडेतीन-पावणेचार हजार मीटरपर्यंत चढतात, थोडा वेळ थांबतात आणि झोपायला पुन्हा नामचेला उतरतात. दिवसा वर जाऊन शरीराला पुढच्या उंचीची ओळख करून द्यायची आणि रात्री खाली येऊन आराम द्यायचा. ‘चढा उंच, झोपा खाली’ हा गिर्यारोहकांचा जुना नेम आहे.

पुढे तेंगबोचे, मग ४,४०० मीटरवरचं दिंगबोचे. तिथे पुन्हा एक जादा मुक्काम. मग लोबुचे, गोरक शेप. शेवटी काला पत्थर नावाचं शिखर येतं, साडेपाच हजार मीटरच्या वर. तिथून एव्हरेस्ट समोर दिसतो. ज्यांना बर्फावर चढायचं तंत्र येतं ते याच भागातलं आयलंड पीक चढतात. त्याची उंची ६,१०० मीटरहून अधिक. १९५३ साली एव्हरेस्ट पहिल्यांदा सर झालं, त्या मोहिमेतल्या काही जणांनी आधी सरावासाठी हेच शिखर चढलं होतं. एवढ्या तयारीच्या माणसांनाही सरावाची आणि उंचीशी जुळवून घेण्याची गरज वाटली, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

हिशेब असा सांगतात: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर आजच्या मुक्कामापेक्षा उद्याचा मुक्काम ५०० मीटरहून जास्त उंच नको. आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच जागी थांबायचं. दिवसा कितीही उंच खिंड ओलांडली तरी चालेल, पाहायचं ते रात्री झोपायच्या जागेचं.

लांब वाटेने पायी येणाऱ्याचा इथे एक फायदा असतो. गाडीने किंवा विमानाने एकदम वर आलेल्यापेक्षा त्याचं शरीर जास्त तयार असतं. पण तोटाही आहे. महिनाभर चालून वजन उतरलेलं असतं, पाय थकलेले असतात, झोप साठलेली असते. म्हणून शिखराच्या आधी एक-दोन दिवस थांबून पोटभर खाणं आणि झोपणं हे चढण्याइतकंच मोलाचं काम असतं. वाटेत दिसेल ते प्रत्येक शिखर चढायची हाव धरली, तर पुढची वाटच अर्ध्यावर राहते. लांबच्या वाटेवर कुठलं शिखर सोडायचं हेही ठरवावं लागतं.

शिखराचा दिवस रात्री सुरू होतो

बर्फाचं शिखर चढायला लोक मध्यरात्रीनंतर निघतात. कपाळावर दिवा बांधलेला, अंगावर कपड्यांचे थर. एवढ्या रात्री का? कारण रात्रीच्या गारठ्यात बर्फ गोठून टणक झालेला असतो, त्यावर पाय ठरतो. ऊन वर आलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत रुततो, वरून दगड सुटतात, हिमकडे कोसळण्याचा धोका वाढतो. दुपारनंतर ढग आणि वारा येतो. म्हणून सकाळी माथा गाठायचा आणि ऊन तापायच्या आत खाली यायला लागायचं.

बुटांखाली लोखंडी दाते असलेली चौकट बांधतात, तिला क्रॅम्पॉन म्हणतात. हातात बर्फाची कुऱ्हाड असते. हिमनदीवर बर्फाखाली खोल भेगा दडलेल्या असतात, म्हणून सगळे एका दोरात बांधून चालतात. एकाचा पाय गेला तर बाकीचे त्याला धरून ठेवतात. हे तंत्र शिकूनच जायचं असतं. ऐनवेळी पाहून ते येत नाही.

चाल किती ठेवायची? चालता चालता शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, एवढीच. बोलताना वाक्य तुटायला लागलं की चाल जास्त झाली. पुढे पळून मग धापा टाकत बसण्यापेक्षा हळू पण न थांबता चालणं बरं. आणि चाल ठरवायची ती तुकडीतल्या सगळ्यांत मागे पडणाऱ्या बाईच्या पायाने.

आणखी एक गोष्ट निघण्याआधीच ठरवलेली असते: परत फिरायची वेळ. समजा सकाळी दहा ठरली. दहा वाजता माथा हाकेच्या अंतरावर दिसत असला, तरी वळायचं. वर पोहोचणं म्हणजे निम्मंच काम. उतरणं उरलेलंच असतं, आणि थकलेल्या पायांनी, ढिल्या लक्षाने उतरतानाच पुष्कळ अपघात होतात. ही वेळ खाली, डोकं थंड असताना ठरवायची असते. वर गेल्यावर विरळ हवेत विचार नीट चालत नाही आणि ‘आता आलोच आहोत तर’ हा मोह सुटत नाही.

आभाळ फिरलं तर

ऑक्टोबर हा नेपाळमधल्या डोंगरवाटांचा सर्वांत चांगला महिना समजतात. पाऊस सरलेला, आभाळ निवळलेलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये अन्नपूर्णा शिखराभोवतीच्या लांब वाटेवर माणसांची रीघ होती. या वाटेवर ५,४१६ मीटर उंचीची थोरोंग ला ही खिंड ओलांडली की पलीकडे मुक्तिनाथ. १२ तारखेला हुदहुद चक्रीवादळ आंध्रच्या किनाऱ्यावर विशाखापट्टणमजवळ धडकलं. समुद्रावरचं ते वादळ, पण त्याची ओल उत्तरेकडे सरकत गेली आणि दोन दिवसांनी त्या खिंडीच्या भागात तुफान बर्फ पडला. वाट दिसेनाशी झाली. चाळीसहून अधिक माणसं दगावली. पाहुणे गेले, तसेच वाट दाखवणारे आणि ओझं वाहणारे स्थानिकही गेले.

लमखागा खिंडीचंही तसंच. ऑक्टोबर २०२१ मध्ये हर्षिलहून चितकुलकडे ही खिंड ओलांडायला गेलेली एक तुकडी बर्फवृष्टीत सापडली आणि तिच्यातल्या अनेकांचा जीव गेला. पुढच्याच वर्षी बचेंद्री पाल यांच्या तुकडीने हीच खिंड पार केली. खिंड तीच आणि चढही तोच, पण दिवस वेगळे होते. हवामानाचा अंदाज विचारून निघणं, आभाळ फिरलं तर तंबूत किंवा धर्मशाळेत दोन दिवस बसून राहणं, यात कमीपणा नाही. परतीचं तिकीट आणि राखून ठेवलेली खोली यांच्यासाठी वादळात निघायचं नसतं.

‘बरी आहेस ना?’ असं विचारू नका

आता आमच्या बोलण्यातला मुख्य मुद्दा. उंचीच्या आजाराची सुरुवात साधी असते. डोकं दुखतं. जेवण नको वाटतं, मळमळतं. चक्कर येते, थकवा जाणवतो, रात्री झोप लागत नाही. घरी असताना आपण अशा वेळी काय करतो? डोक्याला फडकं बांधतो आणि भाकरी थापायला बसतो. कुणाला सांगत नाही. दुखणं अंगावर काढायची सवय आपल्याला लहानपणापासून लावलेली असते. सोसेल ती शहाणी, असं आपण मानत आलो. यात्रेत तर आणखीनच, कारण आपल्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल, पैसे वाया जातील, देवाच्या दारातून परत फिरावं लागेल, अशी भीती असते.

उंचावर हीच सवय जीव घेते. साधं डोकं दुखत असताना जी बाई तिथेच थांबते, ती बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत बरी होते. जी सोसत वर जाते, तिच्या मेंदूला सूज येऊ शकते किंवा फुप्फुसात पाणी साठू शकतं. तिथून पुढे हाती तास मोजकेच उरतात.

मेंदूला सूज आल्याची खूण म्हणजे तोल जाणं. दारू प्यायल्यासारखं चालणं, बोलण्यात घोळ होणं, विनाकारण चिडणं, गुंगी येणं. शंका आली तर जमिनीवर एक सरळ रेघ धरून टाचेला बोट लावत दहा पावलं चालायला सांगा. नीट चालता आलं नाही, तर ती आजारी आहे, मग ती काहीही म्हणो. फुप्फुसात पाणी झाल्याची खूण म्हणजे बसल्या जागी दम लागणं, छातीत खुरखुर, खोकला, ओठ आणि नखं निळसर होणं. कधी गुलाबी फेसाची थुंकी पडते.

यावर तीन नियम आहेत.

पहिला: उंचावर डोकं दुखलं, मळमळलं, तर दुसरं कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच आजार समजायचा.

दुसरा: त्रास असताना वर जायचं नाही. आहे तिथे थांबायचं.

तिसरा: त्रास वाढला, किंवा तोल जायला लागला, किंवा बसल्या जागी दम लागला, तर लगेच खाली उतरवायचं. रात्र असली तरी. सकाळची वाट पाहायची नाही. खाली उतरणं हाच खरा उपाय. प्राणवायूची नळकांडी आणि डॉक्टर मिळाले तर मदत घ्यायचीच, पण त्यासाठी उतरणं लांबवायचं नाही. आणि आजारी बाईला एकटीला कधीच खाली पाठवायचं नाही.

उंचीच्या त्रासावर अॅसिटाझोलामाइड नावाची गोळी मिळते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, कारण काहींना ती चालत नाही. गोळी घेतली म्हणून भराभर वर जायची मोकळीकही मिळत नाही. झोप येत नाही म्हणून झोपेची गोळी किंवा दारू घेऊ नये, त्याने श्वास मंदावतो.

पण बाई सांगणारच नाही, तर कळणार कसं? यावर तुकड्यांमध्ये एक रीत असते. दोघी-दोघींच्या जोड्या लावतात. प्रत्येकीने सकाळ-संध्याकाळ आपल्या जोडीदारणीची विचारपूस करायची. ‘बरी आहेस ना?’ असं विचारायचं नाही, कारण त्याला आपल्याकडे एकच उत्तर असतं, ‘हो, बरी आहे.’ नेमकं विचारायचं. रात्री झोप लागली का? ताटातलं सगळं संपलं का? डोकं कुठे दुखतंय? सकाळपासून लघवीला किती वेळा गेलीस? या प्रश्नांना खोटं उत्तर देणं अवघड जातं. आणि हीच विचारपूस ओझं वाहणाऱ्या माणसांचीही करायची. तेही आजारी पडतात, आणि मजुरी बुडेल म्हणून तेही सांगत नाहीत.

बाईच्या जातीचे प्रश्न

प्रवासात आडोसा मिळत नाही म्हणून आपण पाणीच पीत नाही. बसमध्ये बसताना घोटभर पाणीही टाळतो. उंचावर हे फार महागात पडतं. तिथली हवा कोरडी असते, श्वास भराभर चालतो, श्वासाबरोबर ओल निघून जाते. पाणी कमी पडलं की थकवा येतो, डोकं दुखतं, आणि हा उंचीचा त्रास की पाण्याचा, हे कळेनासं होतं. लघवी पिवळीजर्द झाली की पाणी कमी पडतंय असं समजा. आडोशासाठी एक जुनं लुगडं किंवा छत्री बरोबर ठेवा, चौघींनी मिळून धरा. लाज झाकायची सोय करता येते, शरीरातलं पाणी मात्र थांबवून धरू नये.

पाळी आली म्हणून चालणं थांबवायची गरज नाही. थंडी, दगदग आणि उंची यांनी पाळी मागेपुढे होऊ शकते, म्हणून तारीख नसली तरी कापड किंवा पॅड बरोबर असू द्या. वापरलेलं बर्फात किंवा ओढ्यात टाकू नका, पिशवीत बांधून परत आणा. गरोदर बाईने एवढ्या उंचीवर जाणं टाळावं.

आणि रक्त. प्राणवायू वाहून नेतं ते रक्तातलं हिमोग्लोबिन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे आपल्या गटात वीस जणी असतील, तर दहा-अकरा जणी आधीच कमी भांडवलावर संसार चालवत आहेत. त्यात वर हवा पातळ. म्हणून उंचावर जाण्याच्या दोन-तीन महिने आधी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. कमी असेल तर लोहाच्या गोळ्यांना काम करायला तेवढा वेळ लागतोच. रक्तदाब, साखर, दमा, हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना नुसतं ‘यात्रेला जाते’ म्हणू नका, किती उंचीवर जाते ते सांगा.

आपल्या यात्रेसाठी

आता हे सगळं आपल्या केदारनाथाला लावून पाहा. हरिद्वार सपाटीवर आहे. गौरीकुंड सुमारे दोन हजार मीटरवर. तिथून पायी चढून त्याच दिवशी केदारनाथ, ३,५८३ मीटर. एका दिवसात दीड हजार मीटरहून जास्त चढ, आणि पुष्कळ जणी रात्री तिथेच झोपतात. पाचशे मीटरचा हिशेब आठवा. घोड्यावर बसून गेलं तर पाय वाचतात, पण शरीराला मिळणारा वेळ आणखी कमी होतो. हेलिकॉप्टरने तर काही मिनिटांतच वर. अमरनाथची गुहा याहून उंच, ३,८८८ मीटर.

म्हणून यात्रा ठरवतानाच बसवाल्याशी बोला. वाटेत एक-दोन मुक्काम वाढवून घ्या. चार दिवसांत सगळं उरकून देणाऱ्या यात्रेपेक्षा दोन दिवस जास्त लावणारी यात्रा बरी. वर पोहोचल्यावर लगेच धावपळ करू नका. चढणीच्या दिवशी निर्जळी उपास धरू नका. पेज, खिचडी, गूळ-शेंगदाणे असं थोडं थोडं खात राहा. नवीन बूट घालून निघू नका, महिनाभर आधी गावातच वापरून घ्या. सुती लुगडं भिजलं की अंगाला गार चिकटतं, तेव्हा आत लोकरीचं घाला आणि वरून पाऊस अडवेल असं काही घ्या. उतरताना गुडघ्यांसाठी काठी हातात असू द्या. बर्फ असेल तर काळा चष्मा लावा, बर्फावरच्या उन्हाने डोळे भाजतात.

आणि गटाने निघण्याआधी बसून एक गोष्ट ठरवा, सगळ्यांच्या समोर, मोठ्याने: एखादीला त्रास झाला तर तिच्याबरोबर खाली कोण उतरेल? दोघींची नावं आधीच ठरलेली असली की आजारी बाईला ‘माझ्यामुळे’ असं वाटत नाही आणि ती लपवत नाही. जिला उतरावं लागलं तिच्या खर्चासाठी गटाच्या पैशातून थोडी रक्कम बाजूला काढून ठेवता आली, तर आणखी बरं.

पुढच्या बैठकीत एवढं करा. ज्या जणी यात्रेला जाऊन आल्या आहेत त्यांना विचारा, वर गेल्यावर काय काय झालं होतं आणि कुणाला सांगितलं होतं. आमचा अंदाज आहे, निम्म्या जणी म्हणतील, डोकं फार दुखत होतं पण बोलले नाही. ते आता बोलून टाका. पुढे जाणारीच्या ते उपयोगी पडेल.